अर्धा पीळ

"हा गुळगुळीत पट्टा किती छान दिसतोय गं," आई मायक्रोस्कोपच्या पडद्यावर बोट ठेवून म्हणाली.

तिची मुलगी दातांची डॉक्टर. उद्या सकाळी ती आईच्या खालच्या जबड्यात पडद्यावर दिसत होता तसाच एक टायटॅनियमचा स्क्रू बसवणार होती, त्यावर मग दाढ. म्हणून तर आज आईने प्रयोगशाळेत यायचा हट्टच धरला होता. माझ्या हाडात कायमचा राहायला येतोय, आधी तोंडओळख नको का?

"काकू, तो गुळगुळीत पट्टा म्हणजेच सगळा घोळ आहे," मायक्रोस्कोप चालवणारा म्हणाला. तो मुलीचा शाळेतला वर्गमित्र. तेव्हापासून सगळे त्याला भिंगच म्हणत. त्याने शेजारी दुसरं चित्र आणलं. "हा पाकिटातला कोरा स्क्रू. कसा खरखरीत आहे बघा. मुद्दाम तसा करतात, हाड त्यालाच धरून वाढतं. आणि हा हिने काल सराव म्हणून जनावराच्या बरगडीत बसवलेला. आट्यांच्या कडा पार घासून गेल्यात. हे ठिपके दिसतात ना, तो त्याचाच चुरा."

"काढताना घासला असेल," मुलगी म्हणाली.

"पिळून काढलाच नाही मी. दोन्ही बाजूंनी करवत लावून हाड फोडलं. आत जातानाच घासलाय, बाईसाहेब."

मुलीचा चेहरा पडला. तिने बसवलेला स्क्रू हलायचं नाव घेत नाही, अशी तिची ख्याती. भोक जरा लहानच पाडायचं, स्क्रू जोर लावून आत न्यायचा आणि पाना थांबला की वर आणखी अर्धा पीळ द्यायचा. तो अर्धा पीळ तिला कुणी शिकवला नव्हता. तो तिच्या मनगटातच होता.

"माझे पेशंट मजेत जेवतात," ती फणकारली.

"जेवू देत की! पुढे काय होतं ते मलाही ठाऊक नाही. मी आपलं दिसतं ते सांगतो."

आई मात्र भलतीच रंगात आली होती. खुर्ची ओढून ती पडद्याला नाक लावून बसली. "म्हणजे घट्ट करायच्या नादात, ज्याने धरून ठेवायचं तेच घासून जातं? अगंबाई!" मग ती मुलीकडे वळली. "तू लावलेलं बरणीचं झाकण आजवर कुणाला उघडता आलंय का गं? जावईबापू शेवटी हातोडी शोधतात."

"आई, बरणीचा इथे काय संबंध?"

"मनगट तेच ना!"

भिंगने हसू दाबलं. मुलीने मात्र बरगडीचा नवा तुकडा पकडीत आवळला. या वेळी भोक तिने किंचित मोठं पाडलं. स्क्रू सहज आत गेला. पान्यावरचा जोर दाखवणारा काटा ठरलेल्या खुणेशी आला. इथे थांबायचं, हे तिला चांगलं ठाऊक होतं.

"ढिला वाटतोय," ती पुटपुटली. मग ती आईकडे वळली. "आई, उद्या हा हलला तर? परत तुझं हाड उघडायचं, तेही मीच? मला नाही जमणार ते. भीती वाटते मला."

बोलता बोलता तिची बोटं पान्यावर पुन्हा आवळली.

आईने तिच्या मनगटावर हात ठेवला. "बस."

"अगं, पण थोडासाच..."

"उद्या माझं तोंड उघडं असेल आणि त्यात तुझे दोन्ही हात. मला बोलता यायचं नाही. म्हणून आजच सांगून ठेवते. बस."