दुसरा डबा

दवाखान्यातल्या आहारतज्ज्ञ वैदेही मॅडमनी पहिल्या डब्याचं झाकण काढलं, मग दुसऱ्याचं. टेबलावर वास पसरला. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, दुधात भिजलेलं बिस्कीट.

"हे सगळं कालच्या एका दिवसाचं?"

"हो," सोनाली म्हणाली. तिचा तिलाच विश्वास बसत नव्हता. "आमचा डबा तीनलाच भरला. मग शेजारच्या केराबाईकडनं दुसरा मागून आणला."

मॅडमनीच परवा सांगितलं होतं, वही बंद करा, ताई. एक दिवस जेवढं तोंडात जाईल, तेवढंच दुसरं डब्यात टाका. वहीत सोनालीनं तीन महिने एकच लिहिलं होतं. सकाळी चहा, दुपारी अर्धी भाकरी, रात्री अर्धी भाकरी. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं.

चार वर्षांपूर्वी वजन उतरावं म्हणून ऑपरेशन करून तिचं पोट केळ्याएवढं केलं होतं. वजन उतरलं, आणि माहेरपण संपलेल्या सुनेसारखं मुकाट परत आलं. होटगी स्टेशनचा पूल ती पुन्हा दोनदा थांबून चढू लागली. मोठे डॉक्टर म्हणाले, दुसरं ऑपरेशन करता येईल, पण पहिलं का फसलं ते आधी कळू द्या. मंगळवारी त्यांना हो की नाही सांगायचं होतं. सोनालीला हो म्हणायचं होतं. डबा बघून तरी मॅडमना पटेल, बाई खात नाही, पोटातच काहीतरी खोट आहे, असं तिला वाटलं होतं.

मॅडम चमच्यानं एकेक गोष्ट ताटलीत काढू लागल्या. भिंतीशी उकिडवी बसलेली सासू, मायाक्का, मान उंचावून बघत होती. खुर्ची तिला नको होती. आल्या आल्या तिनं एवढंच विचारून घेतलं होतं, "पयल्या वक्ताला कापलेलं पोट कुटं ठिवलंया वो तुमी?" तपासून जाळून टाकतात, हे ऐकून ती जरा नाराजच झाली होती.

"हे भाकरीचे काठ?"

"पोरगी काठ सोडते."

"ही खिचडीची खरवड?"

"भांडं घासायला टाकायच्या आधी काढली."

"शेंगदाणे?"

"चटणी कुटताना. आणि ती अर्धी इडली मालकांनी ठेवलेली. वाया कशाला घालवायची?"

"मग वहीत हे का नाही लिहिलं?"

सोनालीनं खरोखरच नवल वाटून त्यांच्याकडे बघितलं. "ते खाल्लेलं कुठं, मॅडम? ते आवरलेलं."

मॅडमचा चमचा थांबला. ताटली भरून खाली टेबलावर सांडली होती, आणि तिच्यात अख्खं असं काहीच नव्हतं.

"लहान केलेल्या पोटात एकदम जास्त मावत नाही, ताई. पण असं घासघास दिवसभर चरत राहिलं, तर कितीही जातं."

"चरत?" मायाक्काचे कान टवकारले. मेंढरांमागं तिची चाळीस वर्षं गेली होती.

"पोट भरलं हे तुम्हाला कळतं कसं?" मॅडमनी सोनालीला विचारलं.

सोनालीनं टेबलावर सांडलेलं चिमटीनं गोळा केलं. मग म्हणाली, "भांडी रिकामी झाली की."

मायाक्का हसली. "मॅडम, आमची मेंढी बी उभ्यानंच चरती की. पर पोट भरलं की बसती, रवंथ करती. हिला बसलेली मी चौदा वर्सांत न्हाय बघितली. उभ्यानं खाल्लेलं अंगी लागत न्हाय म्हनत्यात. हिच्या लईच लागलं!" हसता हसता ती थांबली. पदराचा काठ बोटाला गुंडाळत खालच्या आवाजात म्हणाली, "बसनारी आमीच. ही वाढनारी."

"ऑपरेशननं फरक पडंल का?" सोनालीनं विचारलं.

"पडेलही. पण या दोन डब्यांचं काय करायचं, ते ऑपरेशन सांगणार नाही." मॅडमनी ऑपरेशनच्या संमतीचा कागद पुढं सरकवला. तारखेचा चौकोन कोरा होता.

दवाखान्याच्या आवारात लिंबाखाली मायाक्कानं गठुडं सोडलं. वर एक अख्खी भाकरी, चटणी, कांदा. सोनालीनं उभ्याउभ्याच तिचा काठ मोडला आणि सवयीनं सासूपुढं धरला.

"माजी येगळी हाय. बस खाली."

"आधी तुम्ही घ्या, आत्याबाई."

"बस म्हनते न्हवं!"

सोनाली बसली. कागद मांडीवर, कागदावर भाकरी. काय करावं तिला सुचेना. कुणाला काही वाढायचं नव्हतं, काही उचलायचं नव्हतं. मायाक्का तिच्या डावीकडं सरकली. रोज दिवस मावळताना, पोट भरलं का बघायला, मेंढीच्या कुशीला लावावा तसा तिनं आपला खरबरीत तळवा सुनेच्या बरगडीखाली ठेवला.

"खा सावकास. बघू तरी, कुटवर जातंय."

सोनाली चावू लागली. एक घास, दुसरा घास. डोळे आपोआप मिटले. कधी न पाहिलेलं माणूस गाडीतून उतरणार असावं आणि ओळखायचं कसं ते ठाऊक नसावं, तशी ती आतला कानोसा घेत राहिली.

अर्ध्या भाकरीवर तिचा हात थांबला. डोळे उघडून तिनं सासूकडं बघितलं.

"आत्याबाई, हे... हेच का?"

मायाक्कानं हात काढून घेतला.

"मला काय इचारतीस? पोट तुजं हाय."