डाव्या कमानीतला आवाज

"आला बघ! आत्ता वळताना."

चंद्रभानने आरशात पाहिलं. मागच्या सीटवरून कस्तुराबाई त्याच्याकडेच पाहत होत्या. त्यांच्या ओठांवरून त्याने शब्द उचलले.

"व्हय बाईसाहेब," तो म्हणाला. "आला."

त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं.

कस्तुराबाई मानवतच्या एका जिनिंगच्या मालकीण. मालक वारल्यापासून कापसाचा सगळा कारभार त्याच पाहत. मोटार चंद्रभान चालवी, तोही मालकांच्या वेळेपासून. इंजिन सुरू केलं की गाडीचं काय दुखतंय ते तो नुसतं ऐकून सांगायचा. परभणीहून जिल्ह्याच्या तालुकदारसाहेबांचा ड्रायव्हरसुद्धा त्याला विचारायला येई.

गेल्या हिवाळ्यापासून त्याचे कान जात होते. आधी पाखरं गप्प झाली, मग मागून मारलेल्या हाका. माणूस तोंडासमोर बोलला की भागायचं. म्हणून त्याने आरसा रस्त्यावरून काढून मागच्या सीटकडे वळवला होता. हे त्याने कुणालाच सांगितलं नव्हतं, बायकोलाही नाही. नोकरीची काळजी होतीच. पण रस्त्याने पोरं 'भैरा, भैरा' करत मागे लागतील आणि आपल्याला तेही कळणार नाही, या विचाराने त्याला मेल्याहून मेल्यासारखं होई.

"कसला आवाज म्हणावा हा?" कस्तुराबाईंनी पुढे वाकून विचारलं.

"कुरकुर हाय," त्याने ठोकून दिलं. "कमानीच्या पाट्यात ग्रीस राहिलं नसंल."

"डाव्या अंगाला का उजव्या?"

"डाव्या," त्याने अंदाजाने सांगितलं.

कस्तुराबाई आणखी पुढे सरकल्या. "चंद्रभान, सुमनला पाथरीहून आणायचंय. पोटुशी हाय माझी लेक. काही असंल तर आत्ताच सांग. मी रागवायची न्हाई."

"दुरुस्त करतो, बाईसाहेब."

दुपारी त्याने मोटार जिनिंगच्या पत्र्याखाली घेतली. पुढचं अंग दाबून दाबून हलवलं. डाव्या चाकावरच्या पोलादी पाट्यांवर हातोडी मारून पाहिली. पूर्वी एवढ्यावर त्याला उत्तर मिळालं असतं. आता हातोडी जणू कापसावर पडत होती.

शेवटी त्याने लोखंडी सळई घेतली. एक टोक दातांत धरायचं, दुसरं पाट्याला लावायचं. खडखड असेल तर जबड्याला कळेल. पण त्यासाठी कुणीतरी स्टेअरिंग फिरवायला हवं होतं. जिनिंगमधल्या माणसाला बोलावलं असतं तर संध्याकाळपर्यंत गावभर झालं असतं. त्याने घरून अंबाबाईला बोलावून आणलं.

अंबाबाई जन्मात पहिल्यांदा ड्रायव्हरच्या जागी बसली. पदर खोचून तिने दोन्ही हातांनी स्टेअरिंग धरलं. चंद्रभान मोटारीखाली सरकला.

"डावीकडं फिरव! आता उजवीकडं!"

सळई दातांत थरथरली. मातीवर टायर घासल्याची थरथर, बाकी काही नाही. त्याने सळई पाट्यावरून पिनेवर नेली, पिनेवरून तिच्याभोवतीच्या बुशच्या नळीवर. काही नाही. तोंडात लोखंडाची चव आली.

मग स्टेअरिंग फिरायचं थांबलं. अंबाबाई खाली उतरली आणि चाकाजवळ बसून आत वाकली.

"आवो, आवाज यायलाय की. तुमाला न्हाई आला?"

त्याने सळई बाजूला केली. "आला की! न्हाई तर हितं कशाला पडलो असतो?"

"खरंच आला?"

"आला म्हनलं ना एकदा!"

ती चाकाजवळून उठली. पुन्हा वर जाऊन बसली आणि त्याने न सांगताच स्टेअरिंग फिरवू लागली.

त्याने जॅक लावला, पिन काढली. बुश जरा झिजलेला होता. असा झिजलेला बुश कुठल्याही जुन्या मोटारीत सापडतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. तरी त्याला बरं वाटलं. त्याने नवा बुश ठोकला, पाटे मोकळे करून मधे ग्रीस भरलं, बोल्ट आवळले. कोपरापर्यंत हात काळे झाले.

"बघ, गेला का?"

अंबाबाईने मान हलवली. डोळे मात्र दुसरीकडेच होते. चंद्रभानने तिला पुढे घरी पाठवून दिलं. बरोबर चालली असती तर वाटेत बोलली असती, आणि रस्त्यात तिच्या तोंडाकडे किती वेळा बघणार?

सकाळी कस्तुराबाई येऊन बसल्या. मोटार जिनिंगच्या फाटकातून बाहेर पडली आणि पाथरीच्या रस्त्याला डावीकडे वळली.

"बघा बाईसाहेब," चंद्रभान मोठ्याने म्हणाला. "एकदम गप झाली."

आरशात ओठ हलले. "नीट ऐक. जरासुद्धा येत न्हाई?"

"न्हाई. कालपत्तोर होता, आज गेला."

"काल तू सोता ऐकला होतास?"

"ह्याच कानानं, बाईसाहेब."

"गाडी थांबव."

त्याने मोटार कडेला घेतली. कस्तुराबाई उतरल्या, पुढून वळसा घालून त्याच्या दाराशी आल्या. तोंडासमोर तोंड आणून, एकेक शब्द सुटा करून बोलल्या.

"चंद्रभान, ह्या मोटारीत आवाज कधीच नव्हता."

त्याचे हात स्टेअरिंगवरच राहिले. मान वर होईना. पण मान वर केल्याशिवाय पुढचं कळणार नव्हतं. त्याने ती केली.

"कोन सांगितलं तुमाला माझं?"

"परवाच अंबाबाई आली होती माझ्याकडं, लय रडली. म्हणाली, 'मोटारीत आवाज यायलाय असं खोटंच म्हना, बाईसाहेब. मला सांगायची त्यांना लाज वाटती, तुमाला तरी खरं सांगतील.'"