वाफेचं भांडं

परळच्या हॉस्पिटलात सीतारामभाऊ व्हेंटिलेटरवर होते. भेटायच्या वेळेत त्यांची थोरली बहीण गंगुबाई आली आणि थेट मशीनला जोडलेल्या पाण्याच्या भांड्याचं झाकण उघडू लागली. हातात देव्हाऱ्यातला गंगेचा गडू, लाखेचं सील नुकतंच फोडलेला.

"अहो आजी, काय करताय?" सिस्टर सुचित्रा धावली.

"तोंडात नळी कोंबलीत तुम्ही. मग गंगा घालायची कुठून? माझा भाऊ काय तसाच कोरडा जायचा?"

"ते कुठेही जात नाहीयेत. डॉक्टर उद्या नळी काढायची म्हणतायत." सुचित्रानं भांड्यावर हात ठेवला. "आपलं नाक हवा गरम आणि ओली करून आत सोडतं. नळीमुळे नाक सुट्टीवर आहे, म्हणून ते काम हे भांडं करतं. यात जंतू नसलेलंच पाणी लागतं. दुसरं काही घातलंत आणि छातीत न्यूमोनिया झाला, तर नळी उद्या निघायची नाही."

"गंगेत जंतू? चार बुकं शिकलीस म्हणून काहीही बोलशील गो? पन्नास वर्षं ठेवलं तरी किडत नाही ते!"

"बरं. मग निम्मं तुम्ही प्या, उरलेलं मी स्वतः यात ओतते."

गंगुबाईनं गडू चटकन पिशवीत टाकला.

"मी कशाला पिऊ? सासूबाईंच्या वेळचं आहे ते. माझं पोट किती नाजूक आहे, विचार माझ्या भावाला, उद्या बोलायला लागला की."