चित्रामागचा शेरा

आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरात दर रविवारी गुणवंत आपली चित्रं भिंतीशी ओळीनं उभी करायचा आणि फायलींवर शेरे मारावेत तसे प्रत्येकामागे लाल पेन्सिलीनं दोष लिहायचा. ‘आभाळ निर्जीव.’ ‘हात लाकडी.’ स्वतःची गय कधी करत नसे. फक्त आईच्या चित्रामागे ‘निर्दोष’ लिहिलं होतं. ते उद्या ऑफिसच्या प्रदर्शनात लागणार, साहेबलोक बघणार, म्हणून तिच्या कपाळावरचं गोंदण, रापलेला वर्ण, मजुरीनं वाकलेली बोटं, सगळं त्यानं ‘सुधारलं’ होतं. कालच वर्ध्याहून आलेली आई चहा घेऊन त्याच चित्रापुढे थबकली. “कोन होय रे बापू हे बाई?” ‘तूच’ म्हणायला गुणवंतची जीभ रेटेना. “ऑफिसातल्या मॅडम,” तो पुटपुटला. आईनं अंगावरच्या हिरव्या लुगड्याच्या पदरानं चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. “साजरी काढली. पण माह्यं लुगडं काहून नेसवलं तिले?”