चालत जाण्याच्या अंतरावर

काचेचं दार आपोआप सरकलं तशी आई दोन पावलं मागे आली.

"हे नाही चालायचं," ती बाबांना म्हणाली. "दारच विजेवर आहे."

काउंटरवरची मुलगी बघतच राहिली. खोली न बघताच ही दोघं परत निघाली होती.

"खोलीला कुलूप कसलं?" बाबांनी जाता जाता विचारलं.

"कार्ड लावायचं, सर."

बाबांनी वहीतल्या पहिल्या नावावर काट मारली. शहराच्या जुन्या ज्यू वस्तीत, सिनेगॉग या प्रार्थनाघराच्या आसपास, अजून दोन हॉटेलं बघायची होती.

लेकीचं लग्न महिन्यावर आलं होतं. व्याही आणि विहीणबाई परगावाहून चार दिवस आधी, शुक्रवारी यायचे होते. दोन्ही घरं ज्यूच, पण अजून एकमेकांना भेटलेली नव्हती.

"ते फार कर्मठ आहेत," लेकीनं फोनवर बजावलं होतं. "शुक्रवारी सूर्य मावळला की शनिवारी अंधार पडेपर्यंत विजेच्या बटणाला हात लावत नाहीत. गाडीत बसत नाहीत. सिनेगॉगला चालत जाता येईल असं हॉटेल बघ. आणि आई, या वेळी जरा जपून."

'या वेळी' हे शब्द आईच्या जिव्हारी लागले. चार वर्षांपूर्वी लेकीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. पाहुण्यांच्या यादीवरून आईची त्या घरच्या बाईंशी जुंपली, आणि आई जे बोलून बसली ते नंतर कितीही माफी मागून पुसलं गेलं नाही. लेक तेव्हा एक अक्षर बोलली नाही. तेच आईला जास्त खुपत होतं.

आणि आता हे कर्मठ व्याही. आईच्या घरातलं सगळं पाळणं आजीबरोबरच संपलं होतं. शनिवारी बाबा जमिनीच्या मोजणीला जायचे, आई इस्पितळाच्या चादरींचा हिशोब बघायची. प्रार्थनेच्या चार ओळीही धड येत नव्हत्या. गेले दोन महिने ती कामावरून आल्यावर पुस्तक घेऊन बसायची. घरातल्या बटणांवर शुक्रवारी चिकटपट्ट्या लावून बघायची. बाबा दोनदा अंधारात स्टुलाला अडखळले, पण कुरकुरले नाहीत.

दुसरं हॉटेल नीटनेटकं होतं. तिथून सिनेगॉगपर्यंत बाबा चालत गेले आणि परत आले. मोजणीदाराचीच पावलं ती, चुकायची नाहीत.

"अकराशे चाळीस," ते म्हणाले. "वर चढ आहे. आणि रिकामी खोली चौथ्या मजल्यावर."

"म्हणजे लिफ्ट. सोडा."

तिसरं हॉटेल गल्लीच्या टोकाला होतं. दगडी पायऱ्या, लाकडी दार, काउंटरच्या मागे किल्ल्यांची फळी. मालक म्हातारा होता. आईनं प्रश्न सुरू करायच्या आतच त्यानं तळमजल्यावरची खोली उघडली.

"पितळी किल्ली आहे," तो म्हणाला. "बाहेरच्या दाराला कडी. बोळातला दिवा आम्ही शुक्रवारी लावतो, तो रविवारी विझवतो."

आईनं चादरीचा कोपरा दोन बोटांत धरून बघितला. उशी उलटी केली. गादीखाली हात घातला. काही सापडलं नाही.

"चारशे बारा पावलं," बाबा दारातून म्हणाले. "सपाट रस्ता."

आईनं तिथूनच विहीणबाईंना फोन लावला.

"सिनेगॉगच्या जवळ आहे ना?" पलीकडून लगेच प्रश्न आला.

"अगदी जवळ. किल्ली पितळी आहे. जिना चढावा लागत नाही."

"छान. फार छान." विहीणबाई म्हणाल्या, "आमच्याकडून काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या हं."

"अहो, असं काय म्हणता. सांभाळायचं तर तुम्ही."

फोन ठेवल्यावर आई बाबांकडे वळली. "किती अदबीनं बोलतात हो. मला तर अजूनच धडकी भरते."

लग्नाआधीच्या शुक्रवारी दुपारी पाहुणे आले. विहीणबाईंनी कर्मठ ज्यू बायकांसारखा डोक्याला रुमाल घट्ट बांधला होता. बाबा व्याह्यांना सिनेगॉगचा रस्ता दाखवायला घेऊन गेले. खोलीत दोघी बायकाच उरल्या.

"न्हाणीघरातला दिवा लावूनच ठेवू ना?" आईनं विचारलं.

"तुमच्याकडे जसं करतात तसं."

"नाही, तुमच्या घरी जसं असेल तसं."

"आमचं काय, तुमचंच बरोबर."

दोघी बटणाकडे बघत उभ्या राहिल्या. आईला चार वर्षांपूर्वीचं भांडण आठवलं. एक शब्द चुकला की संपलं.

विहीणबाईंनी खोलीचं दार लोटलं. डोक्याचा रुमाल सोडला आणि त्या मटकन खुर्चीत बसल्या.

"हे बघा, माझ्याच्यानं आता हे सोंग होत नाही," त्या म्हणाल्या. "तिथं सिनेगॉगमध्ये बायकांनी कुठं बसायचं तेही मला ठाऊक नाही. आमच्या घरी कुणी काही पाळत नाही. लेकाच्या लग्नात खोडा नको म्हणून तीन महिने शिकवणी लावली, पण काही डोक्यात शिरेना. तुम्हाला राग आला असेल तर मलाच बोला, मुलांवर काढू नका."

आई पलंगावर बसली. चार वर्षं छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी अलगद उचलून घेतल्यासारखं तिला वाटलं. बोलण्याआधीच तिला हसू फुटलं, आणि ते आवरेना.

"अहो, पण आम्हीसुद्धा काही पाळत नाही," ती कशीबशी म्हणाली. "मी कर्मठ आहे हे तुम्हाला सांगितलं तरी कुणी?"

विहीणबाई खुर्चीतून पुढे झुकल्या.

"तुमच्याच लेकीनं."