दोनदा उमटणारा ए

दूध संघाच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला, त्याला हार घातला, नारळ फोडला. खोलीबाहेर चपला काढायच्या आणि विमलाताईंशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियम झाला. वीस वर्षं टायपिंग केलेल्या ताईंनी ए अक्षराचं बटण एकदा दाबलं, की पडद्यावर दोन ए उमटायचे.

"कॉम्प्युटर चुकत न्हाय, ताई," मॅनेजर म्हणाले. "तुमचा हात थरथरतोय."

त्या दिवसापासून ताईंनी ऑफिसातला चहा तेवढा बंद केला.

तीन आठवड्यांनी जुने टाइपरायटर दुरुस्त करायला फक्रुद्दीनभाई आले. नियम ठाऊक नसल्यामुळे त्यांनी सरळ आत येऊन ए दाबला. दोन ए. पुन्हा दाबला, पुन्हा दोन.

"बटणाखालची पट्टी उडतीया ताई. एकदा दाबलं की दोनदा टेकतीया. तुमचं बोट काय करणार?"

"अवो, नवंकोरं हाय की ते," मॅनेजर म्हणाले.

"म्हणूनच की. पयल्या घाण्यातली भजी कधी नीट येत्यात व्हय?"

विमलाताई खुर्चीत मागं टेकल्या. मग त्यांनी दोन चहा मागवले, काठोकाठ भरलेली बशी सगळ्यांदेखत उचलली आणि ओठांना लावली. थेंबही सांडला नाही.

घरी अंथरुणावर असलेल्या त्यांच्या आईचा कंपवात बशी हिंदकळण्यापासूनच सुरू झाला होता.