घंटेची दोरी

एउलालिया मोरेनो या बाईंच्या पत्राला मी तेव्हा उत्तर दिलं नाही. बदामांच्या बागांपलीकडे, शहराच्या हद्दीबाहेर त्यांची वस्ती. 'डायलिसिसला जाताना स्टॉपपर्यंत दोन मैल चालवत नाही. बस इथवर आणा, माझं दार आलं की उतरायला बसमधल्या घंटेची दोरी मीच ओढीन,' असं त्यांनी लिहिलं होतं. हद्दीबाहेरच्यांना उत्तर द्यायचं नाही, हा बस कार्यालयाचा नियम तिथला कारकून म्हणून मी पाळला.

अकरा वर्षांनी बस तिकडे निघाली. पहिल्या फेरीला प्रवासी मी एकटाच. त्यांच्या दारापाशी बसमधली घंटा वाजली.

"आजोबा, दोरी कशाला ओढलीत?" ड्रायव्हर ओफेलिया म्हणाली. "इथली बाई बसची वाट बघून बघून कधीच वारली."

माझे दोन्ही हात मांडीवरच्या पत्राच्या पाकिटावर होते. मी उतरलो आणि त्यांच्या गंजलेल्या पत्रपेटीत उत्तर टाकलं.